बर्फ नाही, उतार आहे

[दृश्य: पांढराफेक उतार, कडक ऊन, एक माणूस टी-शर्टवर स्कीइंग करत खाली येतोय]

हा बर्फ नाहीये हं. पहिल्यांदा हे फुटेज बघितलं तेव्हा मीही फसले होते, पण जरा नीट बघा, त्याच्या मागे जी धूळ उडतेय ती वाळूची आहे. महिना जुलैचा, गाव जर्मनीत बव्हेरियामधलं हिर्शाउ, आणि हा डोंगर देवाने नाही, माणसाने केलाय, तोही मुद्दाम नाही.

या गावाच्या आसपास केओलिनच्या खाणी आहेत. केओलिन म्हणजे ती पांढरी माती जिच्यापासून चिनीमातीची भांडी होतात आणि जी कागदाला गुळगुळीतपणा यावा म्हणून वापरतात. तर ती माती धुऊन वेगळी केली की खाली उरते क्वार्ट्झची वाळू, आणि ही उरलेली वाळू वर्षानुवर्षं एकाच जागी टाकत गेले, टाकत गेले, आणि त्याचा चक्क 120 मीटर उंच ढीग झाला. साधारण साडेतीन कोटी टन वाळू. नाव पडलं मोंटे काओलिनो. 1950 च्या दशकात तिथे कुणीतरी पायात स्की बांधून त्या ढिगावरून खाली आलं आणि मग लोक यायलाच लागले, क्लब निघाला, वर जायला होडीसारखी दिसणारी एक गाडी आली जी दोराने उतारावरून वर ओढली जाते, आणि पुढे तर इथे सँडबोर्डिंगच्या, म्हणजे फळीवर उभं राहून वाळूवरून घसरायच्या, जागतिक स्पर्धासुद्धा झाल्या. खाणीचा टाकाऊ माल होता तो!

[दृश्य: कोकणातलं अंगण, पोफळीची बाग]

मला हे बघून काय आठवलं सांगू? पोफळीची विरी. सुपारीची झावळी गळून पडते ना, तिच्या बुडाशी ते रुंद चामड्यासारखं असतं ते. लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेलो की एकाने विरीवर बसायचं आणि दुसऱ्याने झावळीचं टोक धरून ओढायचं, आणि घरामागच्या उतारावर वाळलेलं गवत असायचं तिथे तर ओढायचीही गरज नसायची, आपोआप सुसाट खाली. बर्फ आम्ही कुणीच बघितला नव्हता. पण घसरण्यात काय मजा असते ते आम्हाला पक्कं माहीत होतं, आणि हा व्हिडिओ करावासा वाटला तो त्यामुळेच. स्कीइंग म्हटलं की आपण लगेच बर्फ म्हणतो, पण खरी गोष्ट उताराची आहे, आणि पायाखाली काय आहे त्याच्याशी जुळवून कसं घ्यायचं याची आहे.

[दृश्य: हिरवागार उतार, झेंड्यांमधून वळणं घेत येणारी खेळाडू]

गवतापासून सुरू करू. ग्रास स्कीइंग 1960 च्या दशकात जर्मनीत सुरू झालं, मूळ हेतू सरळ होता, उन्हाळ्यात बर्फ नाही तर स्कीवाल्यांनी सराव कुठे करायचा. आता साधी स्की गवतावर ठेवून काही ती घसरणार नाही. मग त्यांनी केलं काय, तर रणगाड्याला किंवा पोकलेनला जो फिरता पट्टा असतो ना, तसा छोटा पट्टा बुटाखाली लावला. मधे एक पट्टी आणि तिच्याभोवती गोल फिरत राहणारी साखळी. स्की एकदम आखूड, बर्फावरच्या स्कीच्या निम्मीच म्हणा. साखळी नीट फिरावी म्हणून तेल घालायचं आणि आत अडकलेलं गवत, माती सारखी काढत बसायची, म्हणजे सायकलच्या चेनची जशी काळजी घेतो अगदी तशीच.

आणि इथे एक गंमत आहे जी मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडते. बर्फावर थांबायचं असेल तर स्की आडवी करून घसटत थांबता येतं, नवीन शिकणारे पुढची टोकं जवळ आणून मागून पाय फाकवतात आणि वेग मारतात. गवतावर यातलं काहीही चालत नाही! पट्टा फक्त पुढे जातो, आडवा घसरतच नाही. मग थांबायचं कसं, तर वळत वळत पुन्हा उताराच्या वरच्या बाजूला तोंड करायचं, चढ लागला की वेग आपोआप मरतो. म्हणजे ब्रेक नाहीच, वळण हाच ब्रेक. त्यामुळे ग्रास स्कीवाल्यांची वळणं एकदम स्वच्छ असतात, स्कीच्या कडेवर तोललेली, जराही न घसटता घेतलेली. बर्फावरचे रेसर याचा सराव करतात तो यासाठीच, कारण गवत चूक झाकत नाही.

वेग किती असेल असं वाटतं? 1989 मध्ये जर्मनीतल्या वाल्डझासेनला ऑस्ट्रियाचा क्लाउस श्पिंका गवतावरून ताशी 92.07 किलोमीटर वेगाने खाली आला होता. आपल्या हायवेवर गाडीचा काटा 92 वर असताना खिडकीतून बाहेर बघा आणि कल्पना करा की आपण उभे आहोत, पायाखाली साखळी आहे आणि समोर गवत. पडलं तर हातपाय चांगले खरचटून निघतात, म्हणून भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, हेल्मेट, पॅड्स.

आणि हा काही फावल्या वेळातला खेळ राहिला नाही. 1979 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, नंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने हा खेळ आपल्याकडे घेतला, स्लालम, जायंट स्लालम, सुपर-जी असे झेंड्यांमधून वळणं घेत उतरायचे बर्फावरचेच प्रकार गवतावर होतात. ऑस्ट्रियाच्या इंग्रिड हिर्शहोफरने यात कितीतरी जागतिक विजेतेपदं मिळवली, इटलीचा एदोआर्दो फ्राउ हे पण मोठं नाव. इराणमध्ये तेहरानच्या वरच्या अंगाला दिझिन नावाचं स्की रिसॉर्ट आहे तिथेसुद्धा गवतावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्यात. ही नावं आपल्या कानावर कधी पडत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या खेळाडूंची मेहनत बर्फावरच्यांपेक्षा तसूभरही कमी नाही.

[दृश्य: पावसाळी संध्याकाळ, दिव्यांच्या उजेडात ब्रशसारखा खरखरीत उतार, लहान मुलं रांगेत]

आता इंग्लंड. इथे डोंगर आहेत, थंडी आहे, पाऊस तर विचारूच नका, पण स्कीइंग करण्याइतका बर्फ भरवशाने पडत नाही. त्यांनी ब्रशचा उतार केला. हो, ब्रश, कपडे घासायचा असतो तसा. डेंडिक्स नावाचं हे मटेरियल, धातूच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचे ताठ केस बसवलेले आणि त्या पट्ट्यांची जाळी डोंगरावर अंथरलेली. वरून पाण्याचे फवारे. बर्फावर स्की घसरते कारण घर्षणाने खाली पाण्याचा एकदम पातळ थर तयार होतो, इथे तो थर आपोआप होत नाही म्हणून पाणी बाहेरून मारावं लागतं. कोरड्या ब्रशवर स्कीचा तळ तापतो, घासला जातो आणि वेगही येत नाही. म्हणून गंमत अशी की बाकी सगळे पावसाला कंटाळतात आणि या उतारावरची पोरं पाऊस आला की खूश.

पण ब्रश निष्ठुर असतो. पडलात की साल निघते, आणि जाळीच्या भोकात अंगठा अडकून मोडण्याची इजा तर इतकी ठरलेली आहे की उताराच्याच नावाने ती ओळखली जाते, डेंडिक्स थंब. हातमोजे घातल्याशिवाय वर सोडतच नाहीत.

असाच एक उतार लँकशायरमध्ये पेंडलला आहे. छोटा, खाली पोचायला काही सेकंद पुरतात. तिथे डेव्ह रायडिंग नावाचा एक मुलगा शिकला. खऱ्या बर्फावर तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता, ज्या वयात आल्प्समधली मुलं दहा वर्षं बर्फावर काढून बसलेली असतात. विशी गाठली तरी हा प्लास्टिकवरच्या रेसेस करत होता. मग हळूहळू, खूप हळूहळू, वर्ल्ड कपमध्ये आला, 2017 मध्ये ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला दुसरा आला, लोक म्हणाले वा, इथपर्यंत आला हेच खूप. आणि 22 जानेवारी 2022 ला, त्याच किट्झब्यूलला, वयाच्या 35 व्या वर्षी, स्लालम जिंकला! अल्पाइन, म्हणजे डोंगर उतरायच्या स्कीइंगच्या, वर्ल्ड कपची रेस जिंकणारा पहिला ब्रिटिश. मी त्या रेसचा शेवट कितीतरी वेळा बघितलाय आणि दर वेळी मला तो ओला खरखरीत उतार दिसतो, कारण तुम्हीच विचार करा, वर जायला मिनिटं आणि खाली यायला सेकंद, मग एका संध्याकाळी किती वेळा वरखाली होत असेल, पाच वळणं तर पाच, पण तीच पाच शंभर वेळा.

शेफील्डमध्ये पण असाच एक मोठा स्की व्हिलेज होता, तिथे शिकलेला जेम्स वुड्स 2019 मध्ये स्लोपस्टाइलचा, म्हणजे उतारावर उड्या आणि कसरती करायच्या प्रकाराचा, विश्वविजेता झाला. पण तोवर त्याचा उतारच उरला नव्हता, 2012 मध्ये आगीत जळून गेला. बर्फ वितळला तर पुढच्या वर्षी पुन्हा पडतो. प्लास्टिकच्या उताराला माणसांनीच जपावं लागतं.

[दृश्य: कोपनहेगन, कारखान्याच्या छतावरून उतरणारी हिरवी पट्टी]

डेन्मार्क तर सपाटच, देशातलं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण 170 मीटरच्या आसपास. तिथे कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज आणि घरांसाठी उष्णता तयार करणारा कारखाना बांधला आणि आर्किटेक्ट ब्यार्के इंगल्सच्या फर्मने त्याचं छतच उतरतं केलं, 85 मीटर उंचीवरून खाली, त्यावर इटालियन कंपनीचं हिरवं प्लास्टिक. 2019 पासून लोक तिथे स्की करतात. खाली शहराचा कचरा जळतोय आणि वर पोरं वळणं घेतायत. प्लास्टिकचे तुकडे झिजून कुठे जातात हा प्रश्न अशा प्रत्येक उताराला विचारायलाच हवा, तो मला पण पडतो.

[दृश्य: डांबरी रस्ता, चाकांच्या स्कीवर पळणारे खेळाडू]

रोलर स्की तुम्ही कदाचित बघितली असेल, लांब पट्टीच्या दोन टोकांना चाकं. नॉर्वेत उन्हाळ्यात रस्त्यावर असे खेळाडू सर्रास दिसतात, क्रॉस-कंट्रीवाल्यांचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्कीवाल्यांचा, बराच सराव असाच डांबरावर होतो. त्याबद्दल एवढंच, कारण मला उडी दाखवायचीय, स्की जंपिंगची.

[दृश्य: प्रचंड उंच स्की जंप, सगळीकडे हिरवळ, उतारावर पाण्याचे फवारे]

1954. पूर्व जर्मनी. हान्स रेनर नावाचा कोच, त्याच्या पोरांना वर्षातले थोडेच महिने उडी मारायला मिळायची. उडी मारायला शिकायचं तर हजारो उड्या लागतात, आणि बर्फ तर मोजून मिळणार. त्याने प्लास्टिकच्या लांब झिपऱ्यांच्या चटया करून उतारावर अंथरल्या, एकावर एक चढवत, आपल्याकडे गवताचं छप्पर शाकारतात ना, वरची पेंढी खालच्या पेंढीवर, अगदी तसं. त्यावर पाणी मारलं की स्की बर्फासारखी सरकते. त्याच वर्षी ओबरहोफजवळ त्यावर पहिल्या उड्या झाल्या. सहा वर्षांनी, 1960 च्या ऑलिम्पिकमध्ये, रेनरचा शिष्य हेल्मुट रेकनागेल याने स्की जंपिंगचं सुवर्ण जिंकलं. तोपर्यंत हे सुवर्ण नॉर्वे, फिनलंड असल्या नॉर्डिक देशांच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं! बर्फ त्यांच्याकडे जास्त होता. चटया रेनरकडे होत्या.

आज प्रत्येक मोठा जंपर उन्हाळाभर या चटयांवर उतरतो. 1994 पासून उन्हाळी ग्रां प्री, म्हणजे चटयांवरच्या स्पर्धांची मालिका, होते, पोलंडच्या आदाम माविशने ती तीनदा जिंकली. प्रेक्षक शॉर्ट्समध्ये, हातात आइस्क्रीम, आणि डोक्यावरून माणूस उडत जातो.

आणि मग ते 2022 साल. जानेवारीत प्लास्टिकवर वाढलेला रायडिंग जिंकला. जुलैच्या शेवटी इतकी गरमी झाली की स्वित्झर्लंडच्या झरमाटला, जिथे हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालतं, तिथलं उन्हाळी स्कीइंग थांबवावं लागलं. आणि नोव्हेंबरच्या 5 तारखेला पोलंडमध्ये विस्वाला स्की जंपिंगच्या वर्ल्ड कपचा सीझन सुरू झाला तेव्हा धाव घ्यायची घसरण बर्फाची होती, पण उतरायची जागा हिरवी. चटया! वर्ल्ड कपच्या इतिहासात पहिल्यांदाच.

ती स्पर्धा पोलंडच्याच दाविद कुबात्स्कीने जिंकली, दुसऱ्या दिवशीची पण त्यानेच. घरचं मैदान, घरची माणसं, आणि त्या वर्षीची उन्हाळी ग्रां प्रीसुद्धा त्याचीच होती. बाकी सगळ्यांसाठी तो नोव्हेंबर होता, त्याच्यासाठी बहुतेक उन्हाळाच चालू होता.

[दृश्य: विस्वा. जंपर हवेत, मग ओल्या चटईवर टेकतो. आवाज फक्त: सर्रर्र]