झडपेला लेखाशीर्ष नाही

(नांदेड येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, मी इंजिनियर नाही. माझी उभी नोकरी नगरपालिकांच्या लेखा विभागात गेली. नदीला पूर आला की तुम्हाला पाणी दिसतं, मला लेखाशीर्ष दिसतं, म्हणजे हिशेबात तो खर्च ज्या नावाखाली लिहायचा ते खातं. हा पैसा कुठून आला आणि कशावर टाकला, एवढंच मला विचारता येतं. आज तेच विचारणार आहे.

आपण मराठवाड्याची माणसं. आपला अभ्यास दुष्काळाचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून आपल्याकडे टंचाईची फाइल पक्की असते. दरवर्षी आराखडा होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे पडतात. किती गावांना टँकर, किती विहिरी अधिग्रहित, सगळं आधी लिहिलेलं. पुराचं मात्र काय असतं? मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीची बैठक, चहा, बिस्किटं आणि नालेसफाईची निविदा.

त्या नालेसफाईबद्दल बोललंच पाहिजे. गाळ काढतात आणि नाल्याच्या काठावरच ढीग लावतात. उचलायला गाडी येणार असते. मृगाचा पहिला पाऊस गाडीच्या आधी येतो आणि गाळ होता तिथे परत जातो. तोवर एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, भरलेली असते आणि बिल माझ्या टेबलावर असतं. पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली सगळं बरोबर. मी सही करायचो. कागदाला कागद जुळला की लेखापालाचं काम संपतं.

आता तुमच्या शहराकडे बघा. एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला आसना. वरच्या बाजूला विष्णुपुरीचा बंधारा, त्याची क्षमता जेमतेम ऐंशी दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाची, एकूण क्षमता २९०९ दलघमी. तिथे दरवाजे उघडले की विष्णुपुरीला ते पाणी अडवून धरता येत नाही, पुढे ढकलावंच लागतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला अडीच लाख घनफुटांच्या आसपास विसर्ग झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तो आकडा तीन लाखांच्या घरात गेला. शिवाय वाटेत सिंदफणा मिळते, पूर्णा मिळते. एवढं पाणी शहराशेजारून जाताना लोकांच्या तोंडी एकच मागणी येते : भिंत बांधा.

भिंतीला माझा विरोध नाही. पण एक प्रसंग सांगतो. गावाचं नाव घेत नाही, मराठवाड्यातलंच आहे. नदीकाठी चांगली दगडी संरक्षक भिंत झाली होती. नाला जिथे नदीला मिळतो तिथे भिंतीतून मोठा पाइप काढलेला, आणि पाइपाच्या नदीकडच्या तोंडाला बिडाची झडप. वर बिजागरी, खाली मोकळी. नाल्याचं पाणी आतून रेटतं तेव्हा ती उघडते, नदी चढली की नदीच्याच दाबाने पाइपाच्या तोंडावर घट्ट बसते. यंत्र नाही, वीज नाही. बघत राहावी अशी युक्ती.

ऑगस्टातल्या एका रात्री नदी चढली. झडप बसलीच नाही. बिजागरी गंजून अर्ध्यावर अडकलेली, आणि फटीत जुनी गोधडी गुंडाळी होऊन बसलेली. चार पोरं कमरेला दोर बांधून पहारीने ठोकत होती, मी काठावर बॅटरी धरून उभा. भिंत जागची हलली नाही. पाणी तिच्या पोटातून आलं, पाइपातून उलटं नाल्यात, नाल्यातून खालच्या गल्लीत. पहाटेपर्यंत घराघरांत गुडघाभर.

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली. भिंतीचं काम भांडवली खर्चात होतं, योजना पूर्ण, पूर्णत्वाचा दाखला जोडलेला. झडपेच्या देखभालीला लेखाशीर्षच नव्हतं. बांधल्यापासून तिला ग्रीस लागलं नव्हतं, कारण ग्रीसचं बिल टाकायचं कुठे? मग वेल्डिंग आम्ही किरकोळ खर्चात घातलं आणि पंपाचं डिझेल मिरवणूक मार्गाच्या दुरुस्तीत. ही माझीच करामत. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला, आणि तो रास्त होता.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. झडप नीट बसली असती तरी वरून पाऊस चालू होता. नाल्याचं पाणी भिंतीच्या आत तुंबलंच असतं. म्हणजे भिंत आली की झडप आली, झडप आली की पंप आला, पंप आला की डिझेल आणि रात्रपाळीचा माणूस आला. भिंतीला अनुदान मिळतं. माणसाला मिळत नाही.

आता अनुदानाकडे येतो. शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीच्या, म्हणजे २००८ च्या सुमाराला नांदेडने मोठा निधी पाहिला. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात इथला हिस्सा ऐंशी टक्के केंद्राचा, दहा राज्याचा, दहा महापालिकेचा. असा योग पुन:पुन्हा येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी सगळ्या राज्यांचा मिळून १,६०,१५३ कोटींचा आपत्ती निधी ठरवला, आणि त्यातला वीस टक्के वाटा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा काढला. मदतीचा पैसा आणि बचावाचा पैसा, दोन गल्ले. हे फार मोठं पाऊल होतं. शिवाय शहरी पुरासाठी म्हणून २,५०० कोटी सात शहरांना : मुंबई, चेन्नई, कोलकाता प्रत्येकी ५००, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे प्रत्येकी २५०. मराठवाड्यातलं एकही नाव त्यात नाही. राग यायचा तर येऊ द्या. पण मदतीचा गल्ला पंचनाम्यावर उघडतो आणि बचावाचा प्रस्तावावर. पंचनामा आपल्याकडे तलाठीसुद्धा झोपेत लिहील. प्रस्ताव लिहायला नाल्यांची पातळी मोजलेली लागते, नकाशा लागतो. तो मोजणीचा खर्च आपण आधी कधी करतो?

पुरानंतर घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी अडीच हजार, भांड्यांसाठी अडीच हजार, असा २०२५ सालचा निकष. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते द्यायलाच हवं होतं. त्या आकड्यापुढे ग्रीसचा डबा ठेवून बघा, एवढंच म्हणतो.

आपण एकेकाळी ज्या संस्थानात होतो तिथलं एक उदाहरण आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हैदराबाद बुडवलं, हजारो माणसं गेली. निजामाने इंजिनियर विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी पाणी शहराच्या वरच अडवायला सांगितलं. उस्मानसागर धरण १९२० ला झालं, हिमायतसागर १९२७ ला. पुरापासून एकोणीस वर्षं पैसा लावत राहिले! आपल्या योजनेचं आयुष्य पाच वर्षं, त्यात दोन निवडणुका. बरं, २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबाद पुन्हा बुडालंच, कारण तेव्हा पाणी शहरातल्या तलावांतून आणि बुजवलेल्या नाल्यांतून आलं. वरचं धरण त्याला काय करणार?

म्हणजे शहराने स्वतःचे पैसे घालावेत असा भाग उरतोच. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर महापालिका जगतात. हक्काचा राहिला मालमत्ता कर. त्यातले काही टक्के नाले, झडपा, पंप यांच्या नावाने वेगळे बांधले आणि दुसरीकडे वळवायला बंदी घातली, तर निदान रात्रपाळीचा माणूस उभा राहील. स्वागत कमान पुढच्या वर्षी बांधू.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई. पण तिथे घरं आहेत, आणि त्या घरांचा कर आपण घेतो. ज्या घराला पाणी लागणार हे नकाशावर लिहिलंय त्याच घराची पावती फाडतो. मग बचावाच्या खर्चात त्या घराचा वाटा किती आणि आपला किती, हे कुणी ठरवायचं? गुंठेवारीत, म्हणजे बिनपरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटांवर, नंतर कायम केलेल्यांचं काय? याचं उत्तर मला जमलेलं नाही. त्यांना उठवा म्हणणं भाषणात सोपं जातं.

मागच्या रांगेतून एका ताईंनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे : ‘साहेब, तुमचं घर कुठे आहे?’

ताई, निळ्या रेषेच्या आत. १९९१ साली प्लॉट स्वस्त मिळाला, पलीकडच्या रस्त्यावरच्यापेक्षा निम्म्याने. विकणारा म्हणाला, इथे पाणी येत नाही, आणि मीही नकाशा मागितला नाही. आता दरवर्षी जूनमध्ये बायको तांदळाचा डबा माळ्यावर चढवते, दिवाळीला खाली काढते. कर मी वेळेवर भरतो. सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात. त्याही माळ्यावरच आहेत.