शके १८६१ ची घागर

नमस्कार मंडळी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या श्रोत्यांना नमस्कार, आणि घाट उतरून गोव्यात कामाला गेलेल्या आपल्या माणसांनाही. आजचा विषय लोकसंख्या. देशात माणसं कुठं दाटीनं राहतात आणि कुठं विरळ, कुठं वाढतात आणि कुठं घटतात, कुठला मुलूख तरुण आहे आणि कुठला म्हातारा झालाय. आकडे थोडेच सांगणार आहे. नुसते ऐकलेले आकडे चहा उकळेपर्यंतसुद्धा डोक्यात राहत नाहीत, म्हणून मोजकेच सांगेन आणि दोनदा सांगेन.

पहिला आकडा ३८२. तीनशे ब्याऐंशी. २०११ च्या जनगणनेत देशात एका चौरस किलोमीटरला सरासरी एवढी माणसं होती. पण तेवढ्याच जागेत बिहारमध्ये होती ११०६, आणि अरुणाचल प्रदेशात फक्त १७. पुन्हा सांगते, बिहार अकराशे सहा, अरुणाचल सतरा. गंगेच्या गाळाची सपाट, पाणीदार जमीन एकीकडे, आणि हिमालयाचे कडे दुसरीकडे. माणूस पिकाच्या मागं जातो.

आता आपला बेळगाव जिल्हा. ३५६. देशाच्या सरासरीला अगदी खेटून. ऐकून वाटेल, आपलं बरं आहे, फार दाटीही नाही आणि ओसाडही नाही. पण जिल्हा जरा डोळ्यांसमोर आणा. रायबाग, अथणी भागात कृष्णेच्या काठानं उसाचे फड, गावाला गाव लागलेलं. हुक्केरी, गोकाककडं घटप्रभेचं पाणी. आणि खानापूरहून पश्चिमेला निघा, जांबोटी मागं टाका, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या वाटेला लागा. एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत नुसतं रान. ३५६ हा आकडा ना त्या उसाच्या गावाचा, ना या रानातल्या वाडीचा.

त्या रानातल्या एका वाडीचीच गोष्ट मला आज सांगायची आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ती माझ्याकडून पूर्वी ऐकली असेल. पुन्हा ऐका.

फेब्रुवारी २०११. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि जनगणनेला प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली होती. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर जाऊन माणसं लिहायची, आणि मग १ ते ५ मार्च पुन्हा एक फेरी मारून जन्म-मृत्यूची दुरुस्ती करायची. विचारायचं मराठीत, लिहायचं कन्नडात. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं. ती संध्याकाळची बस चुकली की वाडीतच मुक्काम. आणि इथं मला एक बोलू द्या. आपल्या घाटमाथ्याच्या गावांना दिवसातून एक-दोन बस पुरतात असं जे ठरवतात, त्यांनी आठवीतल्या मुलीला रोज त्या बसची वाट बघताना पाहिलेलं नसतं. शाळा सुटते चारला, बस येते सहाला. ते दोन तास ती मुलगी रस्त्याच्या कडेला बसून असते, आणि एक दिवस तिचे आईवडील म्हणतात, राहू दे शाळा. मी अशा किती मुली पाहिल्या.

तर ती वाडी. दर तिसऱ्या घराला कुलूप. उघड्या घरांतून म्हातारी माणसं. एका घरात एक आजी एकट्याच होत्या. अंगण सारवलेलं, दारात तुळस, पडवीत भाताची कणगी. मी चटईवर बसले, कागद काढले आणि वय विचारलं.

"लिव की साठ," आजी म्हणाल्या.

साठच्या त्या नक्कीच नव्हत्या. मी म्हटलं, "आजी, जरा जास्त असेल."

"मग शंभर लिव."

हे नेहमीचं असतं. जन्मतारीख माहीत नसली की माणसं साठ, पासष्ट, सत्तर असं गोल वय सांगतात. जनगणनेच्या कच्च्या तक्त्यात साठ वयाचे लोक डोंगराएवढे दिसतात आणि एकसष्टचे अगदीच थोडे. एका वर्षात एवढी माणसं जन्मली आणि पुढच्या वर्षी कुणीच नाही, असं कधी झालेलं नसतं. ती चूक सांगण्यातली असते, आणि म्हाताऱ्यांची संख्या तिथंच चुकते. म्हणून प्रगणकानं जुन्या घटनांवरून वय काढायचं असतं. कुठला दुष्काळ आठवतो, कुठली साथ आठवते, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लग्न झालं होतं का. मी तसं विचारायला लागले.

आजी म्हणाल्या, "माजं बारसं खोळंबलं न्हवं का. बा गेलाता बेळगावला गांधीबाबाला बघायला. चार दिस आलाच न्हाई. आई म्हणायची, पाळणा तसाच बिननावाचा."

माझा हात थांबला. बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं डिसेंबर १९२४ मध्ये. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं ते एकच अधिवेशन. टिळकवाडीत त्या वेळी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून आपण दाखवतो. म्हणजे आजींचा जन्म डिसेंबर १९२४ चा. पूर्ण झालेलं वय ८६.

"खरंच का गं?" आजींना ते पटेना. "लई झालं."

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि तांब्याची घागर घेऊन आल्या. घासून लख्ख. गळ्याखाली ठोकून काढलेली अक्षरं होती, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव आणि शके १८६१. शक्यात ७८ मिळवले की इसवी सन. १९३९. लग्नात माहेरून आलेली घागर. म्हणजे लग्नाच्या वेळी त्या चौदा वर्षांच्या. गांधीजींचा हिशेब आणि घागरीचा हिशेब तंतोतंत जुळला. मी कागदावर ८६ लिहिलं. आयुष्यात एवढ्या खात्रीनं मी कुणाचं वय लिहिलेलं नाही.

पुढचा प्रश्न होता मुलं किती झाली आणि आज हयात किती. आजींनी बोटं मोडत मोजली. नऊ झाली. हयात पाच. मला फॉर्मात फक्त ते दोन आकडे हवे होते, नऊ आणि पाच. पण आजी पुन्हा आत गेल्या आणि टोपलीभर भांडी घेऊन आल्या. ताटं, वाट्या, तांबे, फुलपात्रं. प्रत्येकावर नाव. एकेक भांडं त्या चटईवर मांडत गेल्या. हा थोरल्याचा तांब्या, थोरला बेळगावात उद्यमबागला. हे ताट मधल्याचं, तो म्हापशाला. हे धाकट्याचं, तो पुण्याला. दोन ताटं लेकी-जावयांची, एक चंदगडकडं दिलेली, एक गोव्यात डिचोलीला. दोन लहान वाट्या त्यांनी मांडल्या नाहीत, मांडीवर ठेवल्या. त्या कुणाच्या हे मी विचारलं नाही. नऊमधून पाच गेले की किती राहतात ते मला येत होतं.

मांडून झाल्यावर म्हणाल्या, "आता लिव. ही सगळी हितली."

मी समजावलं. आजी, जो माणूस जिथं राहतो तिथंच त्याला लिहायचं. थोरल्याला बेळगावात लिहितील, मधल्याला म्हापशात, धाकट्याला पुण्यात. इथं ती लिहिली तर दोनदा मोजली जातील.

"जेवायचं ताट हितं हाय न्हवं?"

"ताट आहे. माणूस नाही."

"मग हितं कोण हाय म्हणून लिवतीस?"

"तुम्ही. एक."

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग भांडी टोपलीत भरता भरता म्हणाल्या, "एकासाठी चूल पेटवायची म्हंजे इस्तू वायाच." आणि लगेच, "बस, बाय, च्या ठेवते. आता दोन झालो."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्तीच्या फेरीला गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, थोरला येऊन घेऊन गेला, डोळ्याचं ऑपरेशन आहे. घागर शेजारणीकडं ठेवलेली होती. नियमानं आजी त्या घरातच मोजल्या गेल्या होत्या, फेब्रुवारीत त्या तिथं होत्या आणि तेच त्यांचं राहतं घर. म्हणून बंद दाराच्या त्या घरापुढं माझ्या यादीत १ हा आकडा तसाच राहिला.

या गोष्टीत बराच वेळ गेला, आता बाकीचं भरभर सांगते.

घाटमाथ्याची गावं म्हातारी होतात ती मुलं कमी जन्मतात म्हणून थोडी, आणि जन्मलेली मुलं निघून जातात म्हणून जास्त. मला पटलेलं आहे ते हे. आजींना नऊ मुलं झाली होती. नऊ. तरी घरात एक. आपल्या शेजारचंच बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. त्याच महाराष्ट्रात त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा छत्तीस टक्के वाढला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागं ११२२ बायका मोजल्या गेल्या, कारण पुरुष मुंबईत मोजले गेले. आपल्या कर्नाटकातही तेच. राज्य वाढलं साडेपंधरा टक्के, बेळगाव जिल्हा तेरा टक्क्यांच्या थोडा वर, आणि बंगळूर शहर जिल्हा सत्तेचाळीस टक्के. सत्तेचाळीस. एवढी मुलं काही तिथल्या पाळण्यांत जन्मली नव्हती.

आता देश. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार एका बाईला सरासरी मुलं किती? देशात २. बिहारमध्ये ३. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १.७. पिढी जागच्या जागी टिकायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्या खाली गेलो. तरी आपली संख्या लगेच का घटत नाही? कारण आज विशी-पंचविशीच्या मुली भरपूर आहेत. प्रत्येकीला एक-दोनच झाली तरी पाळणे पुष्कळ हलतात. म्हणून मला तो "लोकसंख्येचा स्फोट" हा शब्द आवडत नाही. स्फोट म्हटलं की जन्मलेलं मूलच गुन्हेगार वाटायला लागतं. आपल्याकडं फौंड्रीत, बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली विशीतली पोरं दिसतात. त्यांच्याही आयांनी गावी ताटं मांडून ठेवलेली असतील. ती पोरं इथं नसती तर आपल्या कितीतरी भट्ट्या थंड पडल्या असत्या.

वयाचं म्हणाल तर केरळ सगळ्यांत पुढं. २०११ मध्ये देशात साठीच्या वरचे लोक शंभरात साडेआठ होते, केरळात साडेबारा. जन्मही कमी झाले आणि तरुण आखातात गेले, दोन्ही एकदम. दक्षिणेची राज्यं त्याच वाटेनं चालली आहेत. दिल्लीतल्या जागांचं भांडण यातूनच येतं. लोकसभेत कुठल्या राज्याला किती जागा हे आजवर १९७१ च्या लोकसंख्येवर ठरत आलंय, म्हणजे ज्यांनी कुटुंबं लहान ठेवली त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. मला ते न्याय्य वाटतं. पण बिहारच्या माणसाच्या मताचं वजन कमी राहतं, हेही मला सलतं. दोन्ही खरं आहे.

पुढच्या जनगणनेचा क्षण सरकारनं जाहीर केला आहे, १ मार्च २०२७ चा मध्यरात्रीचा ठोका. पुन्हा सांगते, १ मार्च २०२७. सोळा वर्षांनी माणसं मोजली जातील. तुमच्या दारात एखादी शिक्षिका कागद किंवा मोबाइल घेऊन येईल आणि तुमच्या आजीचं वय विचारेल. कृपा करून साठ किंवा सत्तर सांगून मोकळे होऊ नका. आणि भंगारवाल्याला जुनी तांब्या-पितळेची भांडी किलोवर देऊ नका, निदान अक्षरं वाचल्याशिवाय तरी नको. आताच्या भांड्यांवर यंत्रानं नुसतं नाव टाकतात, तारीख नाही. याचं मला फार वाईट वाटतं. दुकानदाराला सांगून तारीखही घालून घ्या.

माळ्यावरची घागर खाली काढा, चिंचेनं घासा, गळ्याखालची ओळ उजेडात धरून वाचा. सन असेल तर प्रश्नच नाही. शके असेल तर त्यात ७८ मिळवा.

नमस्कार.