चेंडू कुठे आहे?

मंडळी, आजचा विषय 'फुटबॉलच्या चाहत्याला स्थानिक रेडिओचं समालोचन का लागतं'. त्याचे तीन मुद्दे आयोजकांनी पत्रिकेत छापलेत. पण त्याआधी मला 1927 सालात जायचंय, आणि तिथून मी लवकर परतत नाही हे पुढच्या दोन रांगांना ठाऊक आहे.

15 जानेवारी 1927. ट्विकनहॅमचं मैदान, इंग्लंड विरुद्ध वेल्स. सामना रग्बीचा. थांबा, उठू नका, फुटबॉल येतोय. बीबीसीला दोनच आठवड्यांपूर्वी नवी सनद मिळालेली. आता सामन्याचं धावतं वर्णन करायला हरकत नव्हती. माइकसमोर बसवले टेडी वेकलम, पूर्वाश्रमीचे रग्बी खेळाडू. असं काम आधी कुणी केलेलंच नाही, तर शिकवणार कोण? मग त्यांच्यासमोर एका दृष्टिहीन श्रोत्याला आणून बसवलं. सामना याला सांगा, बाकी जगाचा विचार नको. आणि नजरेसमोर एक पाटी टांगली: शिव्या देऊ नका. समालोचनाचं शिक्षण एवढ्यात बरंचसं उरकतं असं माझं मत आहे. ती पाटी तर ऐकणाऱ्यांच्या घरातही लावायला हवी.

पुढच्या शनिवारी, 22 तारखेला, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. हा फुटबॉल. बीबीसीच्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापलेला, त्याचे आठ चौकोन, प्रत्येकाला आकडा. श्रोत्यानं नकाशा मांडीवर घ्यायचा. वेकलम खेळ सांगताहेत आणि शेजारचा दुसरा माणूस मधेच फक्त आकडा बोलतोय: पाच, तीन, पुन्हा पाच. 'बॅक टू स्क्वेअर वन', म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हा वाक्प्रचार इथूनच आला असं छातीठोक सांगणारे भेटतात. पुरावा मागितला की विषय बदलतात. सामना 1-1 सुटला.

पुढे नकाशा बाद झाला, आकडे सांगणारा गेला, पण प्रश्न राहिला: चेंडू कुठे आहे? रेडिओ ऐकणाऱ्याला आधी हेच हवं असतं. म्हणून चांगल्या वाक्याचा क्रम ठरलेला: आधी जागा, मग माणूस, मग कृती. 'उजवी बगल, मध्यरेषेच्या थोडं पुढे, सात नंबर, आत वळला.' हेच उलटं केलं, 'सुंदर वळलाय बघा', तर ऐकणारा अंधारात चाचपडतो. कोण वळला? आपला की त्यांचा? आणि 'बघा' काय? टीव्हीवरची सवय रेडिओवर आणली की असं होतं. पडद्यावर चित्र असतं, तिथे गप्प बसलेलं चालतं. रेडिओवर तीन सेकंद गप्प बसलात तर लोक रेडिओला थापट मारतात.

आणखी एक साधी गोष्ट, दर वेळी विसरली जाणारी: कोणता संघ कुठल्या दिशेला खेळतोय? 'आम्ही बसलोय तिथून डावीकडून उजवीकडे' हे सुरुवातीला सांगायचं, मध्यंतरानंतर पुन्हा सांगायचं. नाहीतर उत्तरार्धभर ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं मैदान उलटं.

आता माझी खरी तक्रार. स्कोअर! माणूस रेडिओ लावतो विसाव्या मिनिटाला. पंधरा मिनिटं ऐकतो. प्रशिक्षकाची कारकीर्द कळते, गवताची उंची कळते, स्कोअर कळत नाही. अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे; वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. इतकं स्वस्त यंत्र, पण समालोचन कक्षात लाखोंची सामग्री मांडली तरी ते काही तिथे पोचत नाही. सहसमालोचकाचंही तेच. त्यानं चेंडू बाहेर गेल्यावर बोलायचं असतं. तो बोलतो कॉर्नर घेताना, आणि गोल त्याच्या वाक्याखाली गाडला जातो.

गोलाचंही सांगतो. लांबलचक 'गोSSSल' ही ब्राझीलची देणगी, ऐकायला झकास. पण गर्दीचा आवाज समालोचकाच्या तोंडातल्या शब्दाआधी माइकमध्ये शिरलेला असतो. गोल झाला हे ऐकणाऱ्याला कळलेलंच आहे. कुणाचा, हे कळायचंय. आधी नाव, मग ओरडा. म्हणून तर गर्दीसाठी वेगळा माइक असतो आणि समालोचकाच्या हातात ओठांचा. तो वरच्या ओठाला टेकवूनच धरायचा. मान वळवली आणि माइक तिथेच राहिला की आवाज विहिरीत पडल्यासारखा होतो, नेमका पेनल्टीच्या वेळी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तर मुद्दे.

पहिला, ओळख. बाहेरून आलेला समालोचक पाठीवरचा नंबर बघून यादीत नाव शोधतो. तोवर चेंडू दोन पाय पुढे गेलेला असतो. स्थानिक माणूस त्याच अकरा जणांना आठवड्यामागून आठवडे पाहतो. चिखलात नंबर पुसला तरी धावण्याच्या लकबीवरून नाव सांगतो. वाचलेला तो सेकंद 'चेंडू कुठे'साठी मिळतो. तो पक्षपाती असतो? असू दे. त्याचा आवाज पडला की आपला संघ अडचणीत आहे हे शब्दांआधी कळतं. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन बीबीसी रेडिओवर नुसते फुटबॉलचे निकाल वाचायचे, तरी पाहुण्या संघाच्या नावावर सूर चढला की उतरला यावरून आकड्याआधी निकाल कळायचा.

दुसरा, पर्याय नाही. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत. रेडिओला ही बंदी नाही. खालच्या विभागातल्या संघाचा चाहता घरी अडकला तर त्याला स्थानिक केंद्राचाच आधार. बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र लेस्टरला 1967 मध्ये सुरू झालं. मात्र एफएम घ्या. डिजिटल रेडिओ काही सेकंद मागे असतो, इंटरनेट अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त. शेजारी ओरडतो आणि तुमच्याकडे अजून थ्रो-इन चाललाय. शिवाय प्रक्षेपण हक्कांच्या भानगडीत इंटरनेटवरचं प्रक्षेपण कधीकधी ऐन सामन्यात बंद असतं, तिथे गाणी वाजतात.

तिसरा, घाईत सांगतो. स्टेडियममध्ये बसलेल्या दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वेगळं वर्णनात्मक समालोचन असतं. 2012 च्या युरो स्पर्धेत ते होतं. त्यात सहसमालोचकाची मतं कमी, चेंडूची जागा जास्त, आणि पंचानं कार्ड कुणाला, कुठल्या हातानं दाखवलं हेसुद्धा सांगता येतं. मैदानातच कमी पल्ल्याच्या प्रक्षेपकावरून ते कानातल्या रिसीव्हरला द्यावं लागतं, कारण दोन सेकंदांचा उशीरही तिथे चालत नाही: शेजारची रांग उभी राहिलेली असते आणि कानात चेंडू अजून मध्यरेषेवर.