काकूंचा लॅपटॉप आणि एक तारीख

नमस्कार श्रोतेहो.

२०२५ च्या दिवाळीनंतरचा एक रविवार. ठाण्यातल्या नौपाड्याच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू सकाळी सकाळी माझ्या दारात उभ्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. काकू शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून एका छोट्या प्रकाशकाची मुद्रितं तपासून देतात. म्हणाल्या, "अगं, हा संपला म्हणतायत. बघ बरं तू एकदा."

मी ऐरोलीला सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते आणि रविवारी सोसायटीतल्या लोकांचे कॉम्प्युटर बघते. आवड आहे म्हणून. लॅपटॉप उघडून बघितला. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतली, पण झाला. पडदा स्वच्छ, कळफलकावरची अक्षरं पुसलेली, कळा मात्र सगळ्या चालू. २०१७ च्या दसऱ्याला घेतलेला, इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, म्हणजे काम करताना लागणारी स्मृती. संपलेलं काहीच नव्हतं. पडद्यावर फक्त एक सूचना येत होती: विंडोज १० चा आधार थांबला आहे आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. काकू ती सूचना घेऊन दुकानात गेल्या होत्या आणि दुकानदारानं नवा लॅपटॉप दाखवायला सुरुवात केली होती.

ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणं बंद केलं. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडला असं नाही. तो चालतोच. पण त्यानंतर त्या प्रणालीत जी भगदाडं सापडतील, ती बुजवली जाणार नाहीत. चोरांना मात्र ती कळतात. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर होत असतील, तर दुर्लक्ष करून चालणार नाही. घरगुती वापरासाठी तेव्हा ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली होती, एवढीच सवलत.

आता यात कंपनीची बाजू आधी सांगते, कारण ती खरी आहे. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये. दहा वर्षं मोफत दुरुस्त्या देणं ही लहान गोष्ट नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यालाही कारण आहे. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आत असलेली एक छोटीशी तिजोरी. डिस्कला कुलूप लावलं तर त्याची किल्ली तिथे राहते, साध्या सॉफ्टवेअरला ती उचलून नेता येत नाही. चांगली कल्पना आहे. पण नुसती तिजोरी असून भागत नाही. इंटेलचा प्रोसेसर काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच हवा. काकूंचा सातव्या पिढीचा.

मला जे खटकतं ते इथे. विंडोज ११ बाजारात आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्या दिवशी काकूंचा लॅपटॉप चार वर्षांचा होता, आणि त्याच दिवशी त्याचा पुढचा रस्ता बंद झाला. चार वर्षांत आपण घरातला मिक्सरसुद्धा बदलत नाही! कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये अंदाज केला होता की या निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात. चांगले चालणारे. यंत्र झिजलं म्हणून बदलायला माझी ना नाही. पण यंत्राचं आयुष्य यंत्रानं ठरवावं, विकणाऱ्याच्या कॅलेंडरनं नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

मी काकूंना लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स घराण्यातली प्रणाली. मोफत आहे, चेहरामोहरा विंडोजसारखा आहे, आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. तारीख त्यालाही आहे. पण जुनी यंत्रं चालू राहावीत म्हणून धडपडणारी माणसं तिथे भरपूर आहेत.

काकूंचा मुलगा पुण्यात असतो. त्याचा फोन आला. "ताई, फुकटचं सॉफ्टवेअर सुरक्षित कसं असेल? दोन वर्षांपूर्वी लिनक्समध्येच कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता ना?"

प्रश्न रास्त होता. म्हणून त्याला सगळी हकीकत सांगितली, तुम्हालाही सांगते. एक्सझेड नावाची एक छोटी उपयुक्त वस्तू आहे, फाइली दाबून लहान करणारी. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक संगणकात ती कुठेतरी असतेच. तिची देखभाल वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा फिनलंडचा एकटा माणूस करत होता, पगाराशिवाय, स्वतःच्या वेळात. तो थकला होता, आणि तब्येतीमुळे काम मागे पडतंय हे त्यानं उघडपणे लिहिलंही होतं. अशा वेळी जिया तान हे नाव धारण केलेलं कोणीतरी मदतीला आलं. २०२१ पासून चांगलं काम केलं, विश्वास कमावला, हळूहळू जबाबदारी हातात घेतली. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये दुरून शिरता येईल असा.

तो पकडला गेला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता आपल्या चाचण्या घेत होता. त्याला दिसलं की दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण पापणी लवून सोडून दिला असता. त्यानं नाही सोडला. धागा ओढत ओढत एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सावध केलं. लिनक्सच्या चाचणीच्या काही आवृत्त्यांमध्ये तो चोरदरवाजा पोचला होता, रोजच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्या वाचल्या. चाचण्या घेणं हे माझं पोट भरण्याचं काम आहे, त्यामुळे त्या अर्ध्या सेकंदाबद्दल मला जे वाटतं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. नंतर एकदा ऐरोलीहून परतताना गाडीत मी ती हकीकत तीनदा वाचली.

आणि हा फ्रॉइंड नोकरीला कुठे होता, तर मायक्रोसॉफ्टमध्येच. म्हणून मी या दोन प्रणालींच्या भांडणात पडत नाही. कंपनीतली माणसं वाईट आणि फुकट काम करणारी साधुसंत, असं काही नसतं. एवढंच, की आतला मजकूर, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड, सगळ्यांसाठी उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला धागा ओढता आला. आणि काळजीची बाब अशी की इतक्या मोठ्या इमारतीचा एक खांब एकट्या दमलेल्या माणसाच्या खांद्यावर होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ज्या कंपन्या असल्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करतात, त्यांनी त्या माणसांना नियमित पैसे द्यावेत. हे मी आमच्या कचेरीतही बोलून दाखवते.

मुलाचं समाधान झालं. मग सामान आणायचं ठरलं. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, आणि रॅम चारची आठ. एसएसडी मिळाली. रॅमच्या वेळी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणाला, "ताई, आजचा भाव आजच. उद्या हाच मागू नका." काही महिन्यांपूर्वी याच आकाराची पट्टी मी शेजारच्या मुलासाठी घेतली होती, त्यामुळे वाढलेला भाव ऐकून मला धक्काच बसला.

याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. ठाण्याहून वाशीची गाडी पकडा. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं जिथे पूर्वी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, तिथे आता मोठमोठ्या, जवळजवळ खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. डेटा सेंटर्स, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या संगणकांची गोदामं. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जमीन आहे, वीज आहे, म्हणून ती इथे आली. अशीच, आणि याहून कितीतरी मोठी, जगभर उभी राहतायत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना स्मृती अफाट लागते. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपल्या कारखान्यांची ताकद एचबीएमकडे वळवली, म्हणजे चिपवर चिप रचून केलेल्या महागड्या वेगवान स्मृतीकडे. घरगुती रॅमला उरलंसुरलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर क्रूशियल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आम्ही कॉलेजात असल्यापासून ज्या नावाची पट्टी डोळे मिटून घ्यायचो, ते नाव. मला वाईट वाटलं. नवा कारखाना उभारून त्यातून माल निघायला वर्षं लागतात, त्यामुळे हे लवकर निवळेल असं मला वाटत नाही.

म्हणजे बघा, एकीकडे तारीख सांगते जुनं टाका, आणि दुसरीकडे नव्याच्या किमती वाढतायत. मधल्या मधे काकू.

रॅम घेतली. मिंट बसलं. लॅपटॉप पाऊण मिनिटात उभा राहायला लागला. काकूंनी प्रकाशकाची फाइल उघडली आणि पडद्यावर नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे डोंगर. एक शब्द वाचता येईना.

श्रोतेहो, मराठीत डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवण्याचं काम, केलेल्या माणसाला हे दृश्य नवं नाही. फाइल जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होती. त्या फाँटांची युक्ती अशी, की आत साठवायचं इंग्रजी अक्षर आणि वर चित्र दाखवायचं मराठी अक्षराचं. तो फाँट त्या संगणकावर नसला की मराठी नाहीशी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात असं होत नाही. तिथे 'क' चा क्रमांक २३२५, ठाण्यात तोच, टोकियोत तोच. भारतात तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीच्या पायावर देवनागरी युनिकोडमध्ये आली, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली १९९१ मध्ये. तेव्हापासून तीसहून जास्त वर्षं झाली, तरी आपले किती प्रकाशक आणि छापखाने अजून जुन्या फाँटमध्येच आहेत! पुस्तकांच्या फाइली त्या एकेका फाँटच्या ओलीस आहेत. काकूंच्या लॅपटॉपला जशी बाहेरून तारीख लागली, तशी या फाइलींनाही कधीतरी लागणार. लॅपटॉप तरी नवा घेता येतो.

युनिकोडमध्येही मराठीला आपली जागा मागून घ्यावी लागली. 'ॲडव्होकेट' मधला 'ॲ' घ्या. त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ मध्ये. तोवर 'अ' वर अर्धचंद्र चिकटवून काम भागवायचो, आणि कित्येकदा तो अर्धचंद्र बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा.

मी फाइल परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढली आणि युनिकोडमध्ये आणली. मला वाटलं, झालं. काकू चष्मा लावून बसल्या. दहाव्या मिनिटाला हाक आली. पुस्तक सह्याद्रीतल्या भटकंतीचं. लेखकानं लिहिलं होतं 'खोल दऱ्या', परिवर्तकानं करून ठेवलं होतं 'खोल दर्या'. रेडिओवर आहे म्हणून बरं, तुम्हाला फरक कानानं कळेल: दऱ्या, आणि दर्या. एक डोंगरातली, एक समुद्र. तसंच 'आचाऱ्यांनी पिठलं केलं' याचं 'आचार्यांनी पिठलं केलं' झालं होतं. आपला हा रफाराहून वेगळा, आडवा, पापणीसारखा र. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या साधनांच्या लक्षातच तो येत नाही. शिवाय तो संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण शोधायला जा, एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे सापडत नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्यांत असल्या गोष्टी येत नाहीत. माझ्या मते यायला हव्यात, कारण आपली भाषा संगणकावर नीट नांदते की नाही ते इथे ठरतं.

मी त्या परिवर्तकाच्या कर्त्यांना लिहिलं. तोही असाच स्वतःच्या वेळात केलेला, मजकूर उघडा असलेला प्रकल्प. चुकलेल्या शब्दांची यादी काकूंनी हातानं केली: दऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्याला, म्हाताऱ्या, पायऱ्या, कोऱ्या. त्रेसष्ट शब्द भरले. मी ते टंकून पाठवले. आठवड्याभरात उत्तर आलं, नियम दुरुस्त केलाय, पुन्हा तपासून सांगा. काकूंनी पुन्हा तपासलं. साठ बरोबर आले, तीन अजून अडतायत. त्या तिघांचा कागद काकूंनी फ्रिजवर लावून ठेवलाय.

इकडे सोसायटीच्या कचेरीत आणखी दोन लॅपटॉप येऊन पडलेत. बातमी जिन्यानं वर-खाली फिरली. त्यातल्या एकाची हार्ड डिस्क करकरते, आणि मालक म्हणतात की नातीच्या बारशाचे फोटो तिच्यातच आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत. तेव्हा मिंट वगैरे नंतर. या रविवारी आधी ते फोटो बाहेर काढायचे आहेत.

नमस्कार.