ठिणगी सांगत नाही ते तापमान

(दृश्य: सरफेस ग्राइंडर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणारं मशीन, सुरू. व्हील, म्हणजे घासणारं चाक, जॉबला, म्हणजे घासायच्या पोलादाच्या तुकड्याला, टेकतं, ठिणग्यांचा झोत उडतो.)

ठिणग्या बघून वाटतं, सगळी उष्णता इथूनच बाहेर पडतेय. पण ठिणगी म्हणजे पोलादाचा तापलेला बारीक कीस. सुटून हवेत आला की ऑक्सिजनमुळे पेटतो आणि चमकतो. जॉब किती तापलाय, याचा पत्ता त्या चमकीवरून लागत नाही.

अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या व्हीलने कोरडं ग्राइंडिंग केलं, तर निम्म्याहून जास्त उष्णता जॉबमध्येच शिरते. व्हील टेकतं तो पट्टा असतो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि टेबल वेगात असलं की तिथला बिंदू काही मिलिसेकंदांत तापून निवायलाही लागतो.

मग थर्मल कॅमेरा? त्याला दिसते जॉबची बाजू. हवी ती जागा व्हीलखाली झाकलेली, वरून कूलंटचा, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, मारा. शिवाय चकचकीत धातू इन्फ्रारेड किरण कमी सोडतो, त्यामुळे नीट सेटिंग केलं नाही तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. फोटो मात्र झकास.

(दृश्य: दोन भागांत कापलेला जॉब, मधली पट्टी जवळून.)

म्हणून जॉबच्याच पोटात थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणारं साधन, बसवतात. जॉब मधोमध कापायचा. मध्ये कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) पातळ पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना अभ्रकाचा पापुद्रा. सगळं घट्ट आवळायचं आणि वरून व्हील फिरवायचं. व्हीलचे कण जाता जाता पोलाद ओढून पट्टीवर लिंपतात. अभ्रकाची आड मोडते, दोन धातूंचा जोड होतो, तोही नेमका पृष्ठभागावर. व्हीलच्या पुढच्या पासला, म्हणजे फेरीला, हा जोड घासला जातो आणि नवा तयार होतो.

दोन धातूंचा जोड तापला की वीज निर्माण होते; हा परिणाम शास्त्रज्ञ सीबेकला 1821 मध्ये दिसला होता. लोखंड-कॉन्स्टंटन जोडीत अंशाला साधारण 50 मायक्रोव्होल्ट मिळतात. पोलादाची प्रत बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे किती व्होल्टला किती तापमान हे ठरवणं, नव्याने करावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचे सगळे आकडे वाया.

(दृश्य: स्क्रीनवर तापमानाचा आलेख.)

आलेख जवळजवळ उभा चढतो आणि रेंगाळत उतरतो. पाण्यातलं कूलंट असेल तर 120-130 अंशांच्या आसपास नजर ठेवायची. तिथे कूलंट उकळून वाफेचा पडदा धरतं, थंडावा तुटतो आणि तापमान एकदम कित्येकशे अंशांवर जातं. कूलंटची धार तर तशीच चालू असते, त्यामुळे मशीनसमोर उभ्या माणसाला काहीच वेगळं दिसत नाही.

हार्ड केलेला जॉब टेम्परिंगच्या (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवण्याच्या) तापमानापलीकडे गेला की नरम पडतो. साधारण 730 अंशांच्या वर जाऊन झटकन निवला, तर पृष्ठभाग पुन्हा कडक होतो, पण ठिसूळ. तिथे तडे जाण्याची भीती. वरचा निळसर डाग शेवटच्या हलक्या पासमध्ये निघून जातो, आतली इजा राहते. ती नायटलमध्ये (अल्कोहोलात मिसळलेल्या नायट्रिक आम्लात) बुडवल्यावर दिसते: नरम पडलेला भाग काळपट, पुन्हा कडक झालेला पांढरट.