मळवलीतली शंभर घरं

(दृश्य : लोणावळा लोकल कामशेतहून सुटते. खिडकीबाहेर भातखाचरं, मागे विसापूर आणि लोहगड.)

निवेदन :

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालं की कामशेतनंतर मळवली येतं. स्टेशन लहानसं. सुट्टीच्या दिवशी इथे उतरणाऱ्या बहुतेकांच्या पाठीवर सॅक असते. कुणाला भाजे लेणी बघायची असतात, कुणाला गड चढायचा असतो. २००६ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी मात्र इथे आलेल्या माणसांना ना लेण्यांत रस होता, ना गडात. ती भिंती बांधायला आली होती. दोन हजारांच्या आसपास स्वयंसेवक, देशोदेशींचे. आणि त्यांच्यात डोक्यावर टोपी घातलेले ८२ वर्षांचे एक गृहस्थ, जे एके काळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. जिमी कार्टर. सोबत त्यांच्या पत्नी रोझलिन.

मळवलीजवळच्या पाटण गावात शंभर कुटुंबांसाठी शंभर घरं उभी करायची होती, आणि त्यासाठी होते सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तो आपण आत्ताच विचारून टाकू. मावळात गवंडी नव्हते का? ज्याने उभ्या जन्मात थापी हातात धरलेली नाही, अशा माणसाने विमानाने हजारो किलोमीटर यायचं आणि वेड्यावाकड्या विटा रचायच्या, याला काय अर्थ आहे? तिकिटाच्या पैशांत आणखी घरं झाली नसती? प्रश्न रास्त आहे. या व्हिडिओत तो आपण सोडणार नाही. पण आधी ही माणसं कुठून आली ते बघू.

(दृश्य : जॉर्जिया राज्याचा नकाशा. अमेरिकस आणि प्लेन्स ही दोन गावं.)

निवेदन :

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन या धर्मोपदेशकाने कोइनोनिया नावाची शेती-वस्ती सुरू केली. तिथे काळे आणि गोरे एकत्र राबायचे आणि एका टेबलावर जेवायचे. त्या काळच्या दक्षिणेत हे भयंकर होतं. आजूबाजूच्या गावांनी वस्तीवर बहिष्कार घातला, रात्री गोळीबार झाले, बॉम्ब टाकले गेले. स्थानिक बाजारात माल कुणी घेईना, तेव्हा या लोकांनी आपले पिकान नावाचे अक्रोडासारखे दाणे पोस्टाने बाहेरगावी विकायला सुरुवात केली.

या वस्तीवर १९६५ साली एक तरुण जोडपं येऊन थडकलं. मिलार्ड आणि लिंडा फुलर. मिलार्ड तिशीच्या आतच लखपती झालेला धंदेवाईक वकील. पैसा आला आणि संसार मोडायला आला. शेवटी दोघांनी सगळं विकून टाकलं आणि नव्याने सुरुवात करायचं ठरवलं. पुढे जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून एक योजना आखली. गरीब कुटुंबासाठी घर बांधायचं, पण दान म्हणून द्यायचं नाही. विकायचं. नफा घ्यायचा नाही, व्याजही लावायचं नाही. कुटुंबाने हप्त्याहप्त्याने मूळ किंमत फेडायची आणि त्या पैशांतून पुढच्या कुटुंबाचं घर उभं राहायचं. शिवाय घर ज्याचं, त्याने स्वतःही बांधकामावर राबायचं.

फुलर दांपत्याने ही पद्धत १९७३पासून तीन वर्षं आफ्रिकेत, त्या वेळच्या झैरेमध्ये वापरून पाहिली. परत आल्यावर १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था निघाली. मळवलीतली घरं तिचीच. भारतात तिचं काम १९८३मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये सुरू झालं.

(दृश्य : मावळातलं एक शेत. चिखलणी चालू आहे.)

निवेदन :

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही कल्पना सांगून पाहा. ती म्हणतील, यात नवीन काय? इर्जिक करायचोच की आम्ही. एकाची नांगरट राहिली तर आख्खं गाव आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतावर हजर. पैशाचा व्यवहार नाही. ज्याचं शेत, त्याने जेवण घालायचं. पावसाच्या तोंडावर घर शाकारायचं असेल, तर तेही असंच.

पण एक फरक आहे. इर्जिकीत आज मी तुझ्याकडे राबलो, तर उद्या तू माझ्याकडे राबणार हे गृहीत असतं. नाही आलास, तर पुढच्या वर्षी तुझ्या शेतावर कुणी येणार नाही. मळवलीत भिंत बांधणारा परदेशी पाहुणा आठवड्याने मायदेशी गेला. त्याची परतफेड इथलं कुटुंब कशी करणार? त्याच्या अंगणात जाऊन विटा थोडीच लावणार आहे! फुलरच्या योजनेतला हप्ता नेमका इथे कामाला येतो. फेड मागे जात नाही, पुढे जाते, कधी न पाहिलेल्या तिसऱ्याच कुटुंबाकडे. मला विचाराल, तर या सगळ्या खटाटोपात खरी युक्ती ही आहे. थापी हातात धरलेले राष्ट्राध्यक्ष हा तिच्यावरचा वर्ख.

(दृश्य : विक्रोळी. पूर्व द्रुतगती मार्ग, कारखान्यांच्या भिंती, झाडं.)

निवेदन :

कार्टर यांचं गाव प्लेन्स. अमेरिकसपासून हाकेच्या अंतरावर. १९८१ साली राष्ट्राध्यक्षपद गेलं तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना निरोपाची भेट म्हणून सुतारकामाची हत्यारं दिली, कारण गडी मुळात हौशी सुतार. १९८४मध्ये ते हॅबिटॅटच्या कामासाठी न्यूयॉर्कच्या एका मोडकळीला आलेल्या सहामजली इमारतीवर स्वयंसेवक घेऊन गेले. ती दुरुस्त होऊन तिथे १९ कुटुंबांची सोय झाली. मग दरवर्षी एका ठिकाणी एक आठवडा, असा शिरस्ताच पडला.

महाराष्ट्राशी कार्टर घराण्याचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन या पेशाने परिचारिका. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या ‘पीस कोअर’ या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे मुंबईत आल्या आणि विक्रोळीला राहिल्या. तिथल्या दवाखान्यात त्यांनी काम केलं, कुष्ठरोग्यांची शुश्रूषाही केली. तेव्हा त्यांचा मुलगा जॉर्जियाच्या राजकारणात नुकता कुठे धडपडत होता. आपल्याकडे ६८ म्हणजे नातवंडं खेळवायचं वय समजलं जातं. असो.

(दृश्य : बांधकामाची जागा. वाळू चाळली जाते आहे. घमेली हातोहात पुढे सरकतात.)

निवेदन :

आता पाच दिवसांत घर होतं तरी कसं, ते बघू. पहिली गोष्ट म्हणजे, अशा आठवड्यात स्वयंसेवक येण्याआधीच पाया आणि जोतं तयार ठेवलेलं असतं. मोकळ्या जमिनीपासून सुरुवात करून पाच दिवसांत कुणीही घर बांधू शकत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर त्याच्या घरात राहायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट, भिंत. नियमावली सांगते आणि जुना गवंडीही सांगतो, की विटांची भिंत एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नये. खालच्या थरांतला सिमेंट-वाळूचा ओला माल वरच्या वजनाने दबतो आणि भिंत ओळंब्यातून जाते, म्हणजे कलते. म्हणजे कितीही हात असले तरी पुरुषभर उंचीच्या वर जाणाऱ्या भिंतीला दोन दिवस लागणारच. दोन हजार माणसं आणली म्हणून सिमेंट लवकर आवळत नाही. स्लॅबचा तर विषयच सोडा. लहान गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांत कमी अंतर असलेल्या, स्लॅबखालचे टेकूही आठवडाभर हलवता येत नाहीत, मोठ्या गाळ्याचे दोन आठवडे. पाच दिवसांत राहतं घर हवं, तर छप्पर हलकंच घालावं लागतं.

तिसरी गोष्ट, हात. अमेरिकन स्वयंसेवकाला घर बांधायचं म्हटलं की हातोडा आणि खिळे आठवतात, कारण तिकडची साधी घरं लाकडी सांगाड्याची असतात. इथे हातोड्याला फारसं काम नाही. इथे लाइनदोरी, ओळंबा, पाण्याची नळी. वीट आधी पाण्यात भिजवायची, कारण कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. कालवलेला माल तासाभरात संपवायचा. उभे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. हे ऐकायला सोपं वाटतं. पण नवख्याच्या हातून लावलेला तिसरा थर बघितला की कळतं, दोरी कशासाठी असते.

म्हणून अशा जागेवर खरा अधिकार गवंड्याचा असतो. स्वयंसेवक कंपनीचा संचालक असो वा प्राध्यापक, इथे तो बिगारी. मिस्त्रीने सांगितलं की वीट काढायची, माल खरवडायचा, पुन्हा लावायची. भाषा येत नसली तरी अडत नाही. वाकड्या विटेवर थापीचा दांडा दोनदा आपटला की अर्थ पोचतो.

कार्टर स्वतः या बाबतीत कडक होते. कामाच्या वेळी गप्पा मारणारे, सह्या मागणारे, फोटोसाठी रेंगाळणारे त्यांना खपत नसत. मळवलीला फोटोवाल्यांचा सुकाळ होता. ब्रॅड पिट तेव्हा चित्रीकरणाच्या निमित्ताने पुण्यात मुक्कामी असलेल्या कुटुंबासोबत होता, तो येऊन राबून गेला. जॉन अब्राहमही आला. बातम्या त्यांच्याच जास्त झाल्या.

(दृश्य : कार्ले लेणी. एकवीरेच्या देवळासमोरून आत जाणारी वाट. चैत्यगृहातले खांब, त्यांवरची ब्राह्मी अक्षरं.)

निवेदन :

हायवे ओलांडून पलीकडे गेलं की कार्ल्याचा डोंगर. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक या चैत्यगृहाच्या दारावरून जातात. आतल्या खांबांवर आणि दारांजवळ दात्यांची नावं कोरलेली आहेत. कुणी धेनुकाकटाचा यवन, म्हणजे परदेशी वंशाचा माणूस. कुणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तर हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असल्याचं लिहवून घेतलं आहे. अनेकांनी थोडं थोडं देऊन एक वास्तू उभी करायची, त्यात परक्यांनीही हात घालायचा, हे या खोऱ्याला दोन हजार वर्षं माहीत आहे.

आणि याच लेण्यात दाराजवळ आणखी एक नाव आहे. धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. त्याने हे दार केलं. कारागिराचं नाव, बापाच्या नावासकट! २००६च्या मळवलीतल्या पाहुण्यांची नावं आजही शोधली तर सापडतात. ज्यांनी त्यांच्या वाकड्या भिंती सरळ करून घेतल्या, त्या मिस्त्रींची कुठे सापडतात?

(दृश्य : आनंदवन. झाडांमधल्या बैठ्या इमारती.)

निवेदन :

परदेशी स्वयंसेवकांनी महाराष्ट्रात विटा लावल्याची ही काही पहिली वेळ नव्हती. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दंजवळचं उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारायला स्वयंसेवक नेले होते. त्यांत जर्मनही होते, कालपर्यंतचे शत्रू. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल इकडेही आले. याच संस्थेचे तरुण १९५०च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या सुरुवातीच्या पक्क्या इमारती बांधल्या. आसपासची माणसं तेव्हा कुष्ठरुग्णांच्या हातचं पाणी प्यायला धजत नव्हती. तिथे ही गोरी पोरं त्यांच्याबरोबर विटा वाहत होती. गवंड्याकडून मजुरी देऊन त्या भिंती बांधून घेता आल्या असत्या. पण लोकांची भीती मजुरी देऊन मोडता आली नसती.

(दृश्य : पुन्हा मावळ. अर्धवट बांधलेलं घरकुल. बाहेर विटांची रास.)

निवेदन :

तर मग तिकिटाच्या पैशांचा प्रश्न. हॅबिटॅटचं उत्तर असं, की स्वयंसेवक आपला खर्च स्वतः करतात, वर देणगी गोळा करून आणतात, आणि परत गेल्यावर दहा जणांना या कामाबद्दल सांगतात. हे खरं आहे. घाम गाळून आलेला माणूस पुढे नुसता चेक देणाऱ्यापेक्षा जास्त टिकतो. कार्टर यांच्याच नावावर चालणाऱ्या या उपक्रमातून १४ देशांत ४,४४७ घरं बांधली किंवा दुरुस्त केली गेली. ९५ वर्षांचे असताना, २०१९मध्ये, ते घरी पडले, कपाळाला १४ टाके पडले, आणि तरी काळवंडलेल्या डोळ्यानिशी ते नॅशव्हिलच्या बांधकामावर हजर झाले. २०२४च्या डिसेंबरमध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले.

पण मला हे उत्तर अर्धंच पटतं. शंभर घरं शंभर कुटुंबांना पुरतात. गावोगावच्या घरांचा हिशेब वेगळाच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरलेले आहेत. घर किमान २५ चौरस मीटरचं. आणि रोजगार हमीतून मालकाला स्वतःच्याच घरावर राबल्याची ९० दिवसांची मजुरी मिळते. म्हणजे फुलरने अमेरिकसमध्ये जी अट घातली, तिचंच हे सरकारी भावंड. तिथे मालकाचे श्रम घराच्या किमतीत धरले, इथे त्यांचे पैसे हातात पडतात.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याने घरकुल बांधायचं कुठे? महाराष्ट्रात जागा विकत घ्यायला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना त्यासाठीच काढावी लागली. आणि मावळात, एक्सप्रेस-वेच्या कुशीत, बंगल्यांच्या प्लॉटिंगच्या पाट्यांमध्ये, गुंठ्याचा भाव काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंत पाच दिवसांत उभी राहते. सातबाऱ्यावर नाव लागायला किती वर्षं जातात, ते तलाठ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारा. स्वयंसेवकांची फौज तिथे काही करू शकत नाही.

(दृश्य : एका नव्या भिंतीवर पाइपने पाणी मारलं जात आहे.)

निवेदन :

तरीही कुणाला अशा कामावर एखादा आठवडा द्यायचा असेल, तर जरूर जा. बूट बंद घाला. हातमोजे घाला, कारण सिमेंटच्या ओल्या मालाने कातडी सोलते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. पहिल्या दिवशी वाळू चाळायला लावतील, विटा भिजवायला लावतील. कंटाळवाणं काम आहे, पण भिंतीचा जीव त्यातच असतो. आणि शुक्रवारी निघताना एवढं विचारून घ्या, की पुढचा आठवडाभर भिंतीवर पाणी कोण मारणार आहे. बहुतेक वेळा ते ज्यांचं घर, त्यांच्याच घरातली बाई मारणार असते, सकाळ-संध्याकाळ, विहिरीवरून आणून.