कोणाचं रक्त अधिक लाल?

श्रोतेहो, नमस्कार.

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मोरोक्कोचा राजपुत्र पोर्शिया या श्रीमंत वारसदार तरुणीला मागणी घालायला येतो. त्याचं पहिलंच बोलणं असं: माझ्या वर्णामुळे मला नापसंत करू नका. उत्तरेकडच्या बर्फातला गोऱ्यातला गोरा माणूस आणा, आम्ही दोघं अंगाला छेद देऊ, मग पाहा कोणाचं रक्त अधिक लाल आहे ते. ‘सगळ्यांचं रक्त सारखंच’ असा अर्थ आपण चटकन लावतो. मला तो पटत नाही. लाल रक्त ही तेव्हा शौर्याची खूण होती, आणि हा राजपुत्र बरोबरी मागत नाही, पैज लावतो. लग्नासाठी ठेवलेल्या पेटी निवडण्याच्या परीक्षेत तो हरून गेल्यावर पोर्शिया म्हणते, याच्या वर्णाचे सगळेच असे हरोत. रक्ताचा प्रश्न तिनं मनावर घेतलेलाच नसतो.

त्या काळी रक्त बदलतं असं मानत. अन्नाचं यकृतात रक्त होतं आणि आईचं रक्तच पांढरं होऊन बाळाला दूध म्हणून मिळतं, असं वैद्यक सांगे. त्याच काळातला इंग्रज कवी जॉन डन याच्या कवितेत एक पिसू प्रियकराला चावते, मग प्रेयसीला. दोघांचं रक्त तिच्या पोटात एक झालं, म्हणजे आपलं लग्नच लागलं, असं तो म्हणतो. तिथे ही मिसळ लाडाची.

कवी एडमंड स्पेन्सरला मात्र या मिसळीची धास्ती होती. आयर्लंडमध्ये तो इंग्रज राजवटीचा अधिकारी होता, बंडखोरांकडून जप्त केलेल्या जमिनीवर राहायचा. आयरिश दाईचं दूध पिणारं इंग्रज मूल तिची भाषा आणि स्वभावही पितं, हा मुद्दा त्यानं एका गद्य संवादात मांडला आहे. १५९० साली आलेल्या त्याच्या ‘फेअरी क्वीन’ या दीर्घकाव्यामध्ये तर एक तान्हं बाळ मरणाऱ्या आईच्या रक्तात हात बुडवून खेळतं. काव्यातला सरदार सर गायन ते हात झऱ्यावर धुतो, पुन्हा धुतो. डाग निघत नाही. आईबापांच्या रक्तातलंच विष लेकराला लागलं असेल का, असा प्रश्न त्याला पडतो. लाल पंजा हे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या ओनील घराण्याचं चिन्ह. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना इथे आयर्लंड दिसतं. मलाही दिसतं. बोलताही न येणाऱ्या जिवाला कवी कुळाचा डाग चिकटवतो, आणि वर सोबतचा वृद्ध यात्रेकरू सांगतो: राहू दे तो डाग, सूडाची आठवण म्हणून.